प्रौढ स्त्रीचा पालक कोण?

(बसवनगुडी, बंगळूर येथे मराठी भाषिक सभासदांपुढे केलेले भाषण)



मुस्लिम विवाहकायद्याचा विषय निघाला की दोन आरोळ्या उठतात. एक म्हणते, हा धर्माचा अंतर्गत मामला आहे. दुसरी म्हणते, हा कायदाच राष्ट्रविरोधी आहे. प्रत्यक्ष कायदा मात्र दोघांनाही पाहायचा नसतो. तो आपण पाहू.

निकाहात वधूच्या वतीने संमती देणाऱ्या पालकास ‘वली’ म्हणतात. हा हक्क प्रथम पित्याचा, नंतर पित्याकडील आजोबांचा. दख्खनी मुसलमान बहुतांशी हनफी आहेत. हनफी मतानुसार वयात आलेली, सुज्ञ स्त्री वलीवाचून स्वतःचा निकाह करू शकते; मात्र वर घराण्याने वा धंद्याने बरोबरीचा नाही, अशी हरकत वलीला घेता येते. येथेही वर्गभेद आपला हात सोडत नाही! रत्नागिरी-रायगडचे कोकणी आणि भटकळचे नवायत मुसलमान शाफई आहेत. शाफई मतानुसार वलीशिवाय निकाह होत नाही.

हा पेच 1864 साली मुंबई हायकोर्टापुढे आला. शाफई घराण्यातील वयात आलेली मुलगी हनफी मत स्वीकारून पित्याच्या संमतीवाचून विवाह करू शकते, असा निर्णय कोर्टाने दिला. पुढे 1939 च्या कायद्याने, पंधरा वर्षांच्या आत पालकाने लावून दिलेला विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नाकारण्याचा हक्क मुलीस दिला. अट एवढीच की सहवास झालेला नसावा. म्हणजे स्त्रीच्या संमतीची मागणी बाहेरून लादलेली नाही.

आणि राष्ट्रीय तत्त्वांचे काय? राज्यघटनेची 14, 15 व 21 ही कलमे समता व व्यक्तिस्वातंत्र्य सर्वांनाच देतात. तरीही 2017 साली केरळ हायकोर्टाने धर्मांतर केलेल्या चोवीस वर्षांच्या तरुणीचा निकाह रद्द ठरवून तिला आईबापांच्या ताब्यात दिले. तिचे आईबाप हिंदू होते. येथे कोर्टच वली झाले! सुप्रीम कोर्टाने 2018 साली तो निकाल फिरविला आणि जोडीदार निवडण्याचा प्रौढ व्यक्तीचा हक्क 21 व्या कलमाखाली मान्य केला.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी. मोहल्ल्यातील वली असो, जातपंचायत असो वा सरकार असो, प्रौढ स्त्रीवर कोणाचीही पालकी नको. आंतरजातीय विवाह केला म्हणून घरात कोंडलेल्या हिंदू मुलीसाठी आपण उभे राहिलो, तरच मुस्लिम भगिनींपुढे बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे.