परभाषिक मूल आणि आपला वर्ग



दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे सातारा, सांगली, कोल्हापूरकडे येतात. त्यांत तांड्यावरची मुले असतात. त्यांची घरची बोली गोरमाटी. वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटक येथील कुटुंबे येतात. त्यांची मुले आपल्या शाळेच्या दाराशी उभी राहतात, तेव्हा आपले कर्तव्य काय, एवढाच आजचा विषय आहे.

कायद्याविषयी संदेह नको. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे अशा मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून त्यास परत पाठविता येत नाही. मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही त्यास हक्क आहे. परंतु कायदा मुलास वर्गात आणून बसवितो. वर्गातले एक करून घेण्याचे काम शिक्षकाचेच.

नवी भाषा कानी पडू लागली की मूल काही दिवस गप्प राहते. ते मौन मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. मूल त्या वेळी ऐकत असते. पुढे बोलू लागले की चुकते, आणि त्या चुकाही पाहण्याजोग्या असतात. हिंदी बोलणारे मूल ‘पुस्तक चांगली आहे’ असे म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. कन्नडात निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. म्हणून दगड ‘तो’ आणि भिंत ‘ती’ का, हे कन्नड मुलास उमगत नाही. ही चूक अज्ञानाची नव्हे, एका भाषेच्या पक्क्या ज्ञानाची आहे. तिला हसू नये. शुद्ध वाक्य आपण सहज उच्चारावे आणि पुढे जावे. आपण ‘शिक्षा करीन’ असे दरडावले, तर हिंदी मुलास त्या शब्दात शिक्षणच ऐकू येते! निदान त्याचा तो अर्थ आपण खरा करावा.

उपाय साधे आहेत. मुलाचे नाव त्याच्या आईबापांस विचारून जसे आहे तसेच लिहावे. त्याच्याजवळ एक बोलका, मायाळू सोबती बसवावा. फळ्यावर ‘आई’ लिहिले की शेजारी गोरमाटीतील ‘याडी’ आणि कन्नडातील ‘तायि’ लिहावे, व हे शब्द त्या मुलाकडूनच साऱ्या वर्गाने शिकावेत. ज्याने वर्गास एक शब्द दिला, तो वर्गात परका राहत नाही. उदाहरणे सोडविण्यास त्यास आधी पुढे बोलवावे. बेरजेस भाषा फारशी आडवी येत नाही. वाचन मागाहून घ्यावे, संभाषण आधी. घरची बोली सोडण्यास मात्र कधीही सांगू नये. तिच्याच आधाराने ते मराठीकडे येणार आहे.

हंगाम संपला की हे मूल निघून जाईल. जाताना ते कोणत्या पाठापर्यंत आले, हे स्वच्छ अक्षरांत लिहून त्याच्याबरोबर द्यावे, म्हणजे पुढील शिक्षकास पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागणार नाही. पाचसहा महिन्यांत सगळी मराठी येणार नाही. परंतु शाळा ही आपलीही जागा आहे, एवढे त्याच्या मनात ठसले, तर पुढल्या गावी ते आपण होऊन शाळेची वाट विचारील. तेवढे यश आपल्या हाती आहे.