शाईचा पाढा



तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही उमटतात. मूळ कंपने १०० धरली तर उपस्वर २००, ३००, ४०० असे सरळ पाढ्यात येतात. म्हणून तार गोड लागते. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्याचा हिशेब मात्र १५९, २१४, २३० असा वेडावाकडा असतो. मग तबला सुरात कसा बोलतो? मधल्या काळ्या शाईच्या भारामुळे उपस्वर पाढ्यात बसतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडले. त्यांचा मान त्यांना. त्यात आम्ही वाटा मागत नाही.

पण शाई लावतो कोण? लोखंडाची भुकटी नि पिठाची खळ यांचा पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, थाप मारून ऐकायचे, पुन्हा थर द्यायचा. कारागीर समीकरण मांडत नाही, खरे. पण थर जास्त झाला की पाढा चुकल्याचे त्याचा कान सांगतो. हातकामाची मजुरी ठरवायला आम्ही बसतो, तेव्हा या कानाला तक्त्यात रकानाच सापडत नाही! समोरचे ‘अकुशल’ लिहून मोकळे होतात. ती नोंद आम्हांला मान्य नाही.