खुर्ची सोडताना : प्रशासनातील निःपक्षपातीपणाचा एक प्रश्न



कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेस, द्रुतगती महामार्गाच्या बाजूला मिठागरांच्या जमिनींचा पट्टा आहे. त्यातील १०२ एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्याचा आदेश मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. जमीन राज्याची, असे राज्य शासनाचे म्हणणे. ती आमची, असे केंद्राच्या मीठ आयुक्तांचे म्हणणे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १६ डिसेंबर २०२० रोजी त्या आदेशास स्थगिती मिळाली. जुलै २०२२ मध्ये, राज्यातील सरकार बदलल्यावर, कारशेड पुन्हा आरे येथेच करण्याचे ठरले.

वाद मुळात मालकीचा आणि सुनावणीचा. संबंधितांचे म्हणणे ऐकले गेले की नाही, हा न्यायालयापुढील एक प्रमुख मुद्दा होता. परंतु राज्यात एका बाजूचे सरकार आणि केंद्रात दुसऱ्या बाजूचे, अशा काळात महसुली नोंदी वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. सही कोणाची आणि ती कोणासाठी, एवढेच विचारले जाते. या प्रकरणातील कोणा अधिकाऱ्याने पक्षाची वाट धरली, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या सहीकडेही लोक असे पाहतात, तर खुर्ची सोडून एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर जाणाऱ्याच्या मागील सह्यांचे काय होत असेल, इतकाच प्रश्न आहे.

याच उपनगर जिल्ह्यात, अंधेरी पूर्व येथे, तो प्रश्न २०२२ मध्ये उलट्या बाजूने उभा राहिला. तेथील शिवसेनेचे आमदार रमेश लटके यांचे मे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांच्या पत्नी श्रीमती ऋतुजा लटके मुंबई महानगरपालिकेत लिपिक होत्या. पोटनिवडणूक लढवावयाची तर नोकरी सोडणे प्राप्त होते. त्यांनी राजीनामा दिला, सूचनेच्या मुदतीऐवजी एका महिन्याचे वेतनही भरले. पण राजीनामा मंजूर होईना. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस १४ ऑक्टोबर. त्यांच्याविरुद्ध तक्रार आली असून ती विचाराधीन आहे, असे पालिकेने न्यायालयात सांगितले. १३ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने आदेश दिला की, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत राजीनामा स्वीकृतीचे पत्र त्यांना द्यावे. त्याच दिवशी त्यांचा अर्ज दाखल झाला आणि ६ नोव्हेंबरच्या मतमोजणीत त्या निवडून आल्या.

एका लिपिकाच्या राजीनाम्यासाठी उच्च न्यायालयाला घड्याळाची वेळ सांगावी लागते, हे कोणत्याही कार्यालयाच्या दृष्टीने भूषणावह नव्हे. पालिकेचा हेतू काय होता याचा निवाडा करण्याचे हे स्थान नाही. मात्र त्या वेळी पालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. साहजिकच संशयाचे बोट कोणा नगरसेवकाकडे न जाता थेट प्रशासनाकडे वळले. नोकरी सोडून जाणाऱ्याचे निःपक्षपातीपण आपण तपासतो. त्याला सोडणाऱ्या कार्यालयाचेही तपासले पाहिजे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आता वरच्या पायऱ्या पाहू. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१४ अखेर पद सोडले, फेब्रुवारीच्या आरंभी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि त्याच वर्षी ते उत्तर प्रदेशातील बागपत येथून लोकसभेवर निवडून आले. श्रीनिवास पाटील यांनी प्रशासकीय सेवा सोडून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे कराडची जागा जिंकली. पुढे ते सिक्कीमचे राज्यपाल झाले आणि २०१९ मध्ये पुन्हा पक्षाच्या तिकिटावर सातारा येथून लोकसभेत गेले. दोघांनीही कायद्याने मोकळी असलेली वाट धरली. त्याहून जुने उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. आय.सी.एस. अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ मध्ये काँग्रेसतर्फे कुलाब्याचे खासदार. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, तीही स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने, म्हणजे काँग्रेसच्या विरोधात. अनुभवी प्रशासक राजकारणात येऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांनी या चरित्राचा विचार अवश्य करावा. पण सर्वांनाच देशमुखांच्या मापाने मोजता येत नाही, आणि नियम अपवादांसाठी करावयाचे नसतात.

नियम काय म्हणतात? अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियम, १९६८ आणि महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ या दोहोंतील पाचवा नियम कर्मचाऱ्यास पक्षाचे सभासदत्व व निवडणूक प्रचार या दोन्ही गोष्टी निषिद्ध करतो. मतदानाचा हक्क अर्थातच अबाधित आहे. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हाही प्रचारच समजला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १३४-क या कलमान्वये उमेदवाराचा मतदान वा मतमोजणी प्रतिनिधी होणाऱ्या शासकीय सेवकास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. हे सर्व सेवेत असेपर्यंत. अखिल भारतीय सेवेतील अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत एखाद्या खाजगी कंपनीत नोकरी धरावयाची असेल तर शासनाची परवानगी लागते. पक्षाची उमेदवारी घेण्यास मात्र एक दिवसही थांबावे लागत नाही. सिमेंटच्या कारखान्यापेक्षा सत्तेचे आकर्षण कमी असते, असे नियमकर्त्यांना वाटले असावे!

मध्ये काही काळ जावा, असे निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये केंद्रास सुचविले होते; ते मान्य झाले नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय विधिमंडळाचा आहे असे सांगून याचिका फेटाळली. विरोधी युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही: निवृत्त अधिकारी हाही नागरिक आहे आणि त्याला पसंत करावयाचे की नाही हे मतदार ठरवतील. तरीही मतदार निवाडा देतो तो उमेदवारावर. त्याने पूर्वी दिलेल्या परवान्यांवर, केलेल्या चौकश्यांवर मतदान होत नसते. ब्रिटनमध्ये सू ग्रे या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पंतप्रधान निवासातील टाळेबंदीकालीन मेजवान्यांची चौकशी केली. अहवाल मे २०२२ मध्ये आला. मार्च २०२३ मध्ये त्यांनी मजूर पक्षाच्या नेत्यांच्या कार्यालयाचे प्रमुखपद स्वीकारण्यासाठी सेवा सोडली, तेव्हा जुन्या अहवालावरच शंका घेतल्या गेल्या. तेथील सल्लागार समितीने सुचविलेला सहा महिन्यांचा काळ थांबून त्या सप्टेंबरमध्ये रुजू झाल्या. अहवालातील एक अक्षरही बदलले नव्हते; वाचणाऱ्यांची नजर बदलली होती.

म्हणून थांबण्याचा काळ असावा, पण तो सरसकट नसावा. ज्यांच्या सहीने जमीन मिळते, गुन्हा नोंदविला जातो किंवा निवडणूक पार पडते, त्यांच्यासाठी तो हवा. वर्ग तीनच्या लिपिकाला किंवा प्राथमिक शिक्षकाला तोच नियम लावणे म्हणजे सामान्य माणसाची उमेदवारी रोखणे होईल.

तोवर कार्यालयांच्या हाती जे आहे ते त्यांनी करावे. ग्रामसेवकाचा वा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा राजीनामा निवडणुकीच्या तोंडावर आला, तर त्याची त्याच दिवशी आवक नोंद व्हावी, पोच दिली जावी. चौकशी चालू असेल तर ती कोणत्या तारखेपासून, हे लेखी कळवावे. राजीनामा आल्यानंतर तक्रार शोधू नये. येणे रक्कम आकारून, कार्यभार यादीसह दुसऱ्याकडे देववून आदेश काढावा. अर्जदार सत्ताधाऱ्यांकडे निघाला असो की विरोधकांकडे, आदेशास लागणारे दिवस सारखेच असावेत, आणि आवक नोंदवहीतील तारखा मागणाऱ्या कोणालाही त्या पाहता याव्यात.