सरकारी नोकरी आणि घरचे कर्ज



खानवेलच्या परिसरात कर्ज ही काही नवी गोष्ट नव्हे. खावटी, लग्नकार्य वा दुखणेबाणे यांसाठी कधीच हात पसरावा लागला नाही, असे घर विरळा. याच घरांतील मुले आता शिक्षक, तलाठी, पोलीस होत आहेत. तेव्हा बापाच्या डोक्यावरील कर्जामुळे मुलाची नोकरी हुकेल काय, ही शंका मनात येणे स्वाभाविक आहे.

तेवढ्यावरून ती हुकत नाही. नेमणुकीपूर्वी उमेदवाराचे चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळला जातो. त्या नमुन्यात अटक, खटला, शिक्षा यांविषयी प्रश्न असतात. बापाने सावकाराकडून काय उचलले, हे त्यात कोणी विचारीत नाही. धोका आहे तो माहिती दडविण्यात. बँकांची गोष्ट थोडी निराळी. स्टेट बँकेच्या भरतीत स्वतःचे कर्ज थकविणारा उमेदवार अपात्र ठरतो, आणि अशा कारणास्तव नेमणूक रद्द करण्याचा तिचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ साली उचलून धरला.

खरी कसोटी नोकरी लागल्यानंतर सुरू होते. केंद्रशासित प्रदेशाच्या सरकारी सेवकांना लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ सालचे आहेत. त्यांतील सतरावा नियम सांगतो की, सेवकाने आपला खाजगी व्यवहार असा ठेवावा की सवयीचा कर्जबाजारीपणा वा नादारी ओढवणार नाही. वसुलीचा दावा दाखल झाला, तर ती हकीकत त्याने ताबडतोब सरकारला कळवावयाची असते. हे कर्ज उधळपट्टीने झालेले नसून आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे झाले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच असतो. म्हणून आजारपणातील बिले, पीक बुडाल्याचे कागद जपून ठेवणे शहाणपणाचे.

एवढी कठोरता कशासाठी? गोपनीय कागद ज्याच्या हाती असतात, त्याची नड ओळखून आमिष दाखविणे सोपे असते. पण यासाठी दिल्लीच्या कचेरीपर्यंत जावयास नको. गावच्या दुकानदाराकडून मोठी रक्कम उचललेला तलाठी त्याच दुकानदाराच्या जमिनीची नोंद कोणत्या तोंडाने तपासणार? सोळाव्या नियमाने नेमकी हीच वाट बंद केली आहे. आपल्या अधिकारक्षेत्रातील किंवा कामाचा संबंध येणाऱ्या माणसाकडून कर्ज घेता येत नाही. बँकेचे रीतसर कर्ज, आप्त वा स्नेह्याकडून थोडक्या दिवसांसाठी घेतलेली बिनव्याजी लहान रक्कम, प्रामाणिक व्यापाऱ्याकडील उधारीचे खाते, यांना मुभा आहे. बदली होऊन पूर्वीचा धनकोच अधिकारक्षेत्रात आला, तर तसे कळवावे लागते. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पगार जप्त होऊ शकतो, तोही सगळा नव्हे. पोटगीची बाब सोडता पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. एकाच हुकूमनाम्यापोटी ही जप्ती २४ महिन्यांहून अधिक चालत नाही.

जामीन राहण्याविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. पतपेढीत सहकाऱ्यासाठी केलेली सही भिडेखातर होते. करार कायदा १८७२ सालचा. त्यात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच धरली आहे. सहकाऱ्याने हप्ते थकविले की धनको थेट जामीनदारावर दावा लावू शकतो, आणि मग त्या दाव्याची हकीकत सरकारला कळविण्याची पाळी त्याच्यावर येते.