काम कोणाचं, मान कोणाचा?
जपानमधल्या जन्म, वार्धक्य आणि मृत्यूच्या रीती

(आमच्या गटाच्या वार्षिक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय वाचून दोघीतिघींनी कालच मला विचारलं, "अगं, इथले विधी काय कमी आहेत म्हणून तू जपानला निघालीस?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी तेच सांगते.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटची चार वर्षं ती अंथरुणावर होती. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनी पाळ्या लावून तिचं सगळं केलं. ती गेली त्या दिवशी स्मशानात गुरुजींनी विचारलं, "मुलगा कोण?" मुलगा नाही म्हटल्यावर चुलतभावाला पुढे बोलावलं. त्या चार वर्षांत तो दोनदा येऊन गेला होता. पाण्याचं मडकं त्याच्या खांद्यावर गेलं आणि मी काही बोलले नाही. एरवी बायकांना बोलतं करण्याचं काम करणारी मी, त्या दिवशी गप्प उभी राहिले. ते मला अजून टोचतं.

पुढे काही दिवसांनी मी एम.एस.डब्ल्यू.ला असताना वाचलेली एक जपानी कादंबरी पुन्हा काढली. सावाको आरियोशी या लेखिकेची ही कादंबरी १९७२ साली आली आणि जपानभर प्रचंड खपली. तिच्यात आकिको नावाची नोकरी करणारी बाई आहे आणि स्मृतिभ्रंश झालेला तिचा सासरा आहे. जो सासरा तिला वर्षानुवर्षं घालूनपाडून बोलला, त्याचं न्हाणं-धुणं, रात्री उठून त्याला बाहेर नेणं तिच्याच वाट्याला येतं. म्हातारा पोटच्या मुलाला विसरतो, सुनेला मात्र ओळखतो. मुलगा बापाकडे बघून आपलंही असंच होणार या भीतीनं खचतो, पण हात लावत नाही. हे वाचलं आणि वाटलं, ही तर माझ्या केंद्रावर येणारी कोणीही बाई आहे. मग मी जपानमधल्या रीतींबद्दल मिळेल ते वाचत गेले. वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवले. या विधीत काम कोणाचं? आणि मान कोणाचा?

सुरुवात जन्मापासून करू. 'कोजिकी' हा जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ, इसवी सन ७१२ मधला. त्यात सागरदेवाची मुलगी तोयोतामा-हिमे बाळंतपणासाठी समुद्रकाठी खोपी बांधायला लावते. छपरावर पाणकावळ्याची पिसं घालायची असतात. ती घालून होण्याआधीच कळा सुरू होतात. ती नवऱ्याला बजावते, आत बघू नकोस. तो बघतो. आत त्याला एक भलामोठा जलचर तळमळताना दिसतो आणि तो घाबरून पळतो. ती लाजेनं मूल किनाऱ्यावर ठेवून समुद्रात परत जाते. तेव्हा बाळंतीण वेगळ्या खोपीत ही गोष्ट तिथे तेराशे वर्षांपूर्वीही नवी नव्हती.

पुढे तिला कायद्याचं रूप आलं. ९२७ साली पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या दरबारी नियमसंग्रहात माणसाच्या मृत्यूचा विटाळ ३० दिवस आणि जन्माचा ७ दिवस असं लिहून ठेवलं आहे. आपल्या सोयर-सुतकाशी हे किती जुळतं बघा! इत्सुकुशिमा या पवित्र बेटावर तर जन्म आणि मृत्यू दोन्हींना मनाई होती. दिवस भरलेल्या बाईला होडीत घालून पलीकडच्या काठावर नेत. बाळाला पहिल्यांदा देवळात नेण्याचा विधी साधारण महिन्यानं होतो. तिथे बाळाला मांडीवर घेण्याचा मान वडिलांच्या आईचा, कारण बाळंतीण अजून विटाळातली. नऊ महिने पोटात वाढवणारी त्या दिवशी मागे!

पण या खोपीची दुसरी बाजूही सांगायला हवी. क्योतो प्रांतात ओबारा इथे नदीकाठी अशी एक खोपी आजही जपून ठेवली आहे. छप्पर जमिनीपर्यंत उतरलेलं, आत जेमतेम एका बाईपुरती जागा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथे बाळंतपणं होत. नंतर बाळंतपण घरी होऊ लागलं, तरी बाळ-बाळंतीण काही दिवस इथे येऊन राहत, आणि हे दुसऱ्या महायुद्धानंतरही थोडा काळ चाललं. किनारपट्टीच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांना अभ्यासकांनी या खोप्यांबद्दल विचारलं, तेव्हा कित्येकींनी त्या दिवसांची आठवण आनंदानं सांगितली. शेतावर जायचं नाही, सासूची हाक नाही, शेजारची बाई जेवण आणून देते. आपल्याकडेही 'बाहेर बसण्या'चे चार दिवस तेवढीच विश्रांती असं म्हणणाऱ्या आज्या होत्याच. मला यात एक गोष्ट दिसते. बाईला विश्रांती हवी हे समाजाला कळत होतं. फक्त ती हक्क म्हणून द्यायची नव्हती, म्हणून अपवित्र ठरवून दिली.

या विटाळाची किंमत मोठी होती. मध्ययुगात चीनमधून एक 'रक्तकुंडाचं सूत्र' जपानमध्ये आलं. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या रक्तानं धरणी विटाळते, म्हणून बाई मेल्यावर रक्ताच्या तळ्यात पडते, असं ते सांगे. गावोगाव चित्रं दाखवत हे बायकांना समजावून सांगत कोण? कुमानो तीर्थाच्या भिक्षुणी, म्हणजे बायकाच. कोयासान या पवित्र पर्वतावर बायकांना बंदी होती; त्या सीमेवरच्या 'स्त्रियांच्या मंडपा'तून हात जोडून परत फिरत. १८७२ साली सरकारनं अशा बंद्या उठवल्या. तरी ओमिने पर्वताच्या शिखरावर ती आजही पाळली जाते. आणि २०१८ ची गोष्ट ऐका. माइझुरु शहरात सुमो कुस्तीच्या आखाड्यात भाषण करताना महापौर कोसळले. प्रेक्षकांतल्या बायका धावल्या आणि त्यांची छाती दाबू लागल्या. त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला की बायकांनी आखाड्यातून खाली उतरावं! नंतर कुस्ती संघटनेनं माफी मागितली. पण जीव वाचवणाऱ्या हातांचाही विटाळ होतो, हे जगानं पाहिलं.

नको असलेल्या जन्माबद्दलही बोलू. एदो काळात गरीब शेतकरी घरांत नवजात मूल मारलं जाई. त्याला शब्द होता 'माबिकी', म्हणजे रोपांची विरळणी. तोने गावच्या एका देवळात त्या काळची एक चित्रपाटी आहे. बाळाचा जीव घेणारी आई, आणि तिच्या सावलीला शिंगं. सारा घेणारा सरदार चित्रात नाही, मुलाचा बापही नाही. राक्षसीण ती एकटी.

१९४८ च्या 'सुप्रजनन संरक्षण कायद्या'नं गर्भपाताला परवानगी दिली, पण त्याच कायद्याखाली अपंग आणि मनोरुग्ण ठरवलेल्या हजारो स्त्री-पुरुषांची संमतीशिवाय नसबंदी झाली. ती कलमं १९९६ साली गेली, आणि ती घटनाविरोधी होती हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली सांगितलं. कमी मात्रेची गर्भनिरोधक गोळी मात्र बायकांना १९९९ पर्यंत मिळाली नाही. याच काळात, १९७० नंतर, गर्भपात झालेल्या गर्भासाठी विधी करण्याची लाट आली. देवळांत जिझो या बालरक्षक बोधिसत्त्वाच्या छोट्या मूर्तींच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांना लाल टोपडी आणि लाळेरी. दुःखाला जागा मिळाली हे खरंच. कितीएकींना तिथे रडता आलं. पण गर्भाचा आत्मा कोपेल अशी भीती घालून पैसे उकळणारेही निघाले, आणि स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी त्यावर कडक टीका केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता वार्धक्य. साठ वर्षांचं पंचांगाचं चक्र पुरं झालं की 'कानरेकी'. माणूस पुन्हा जन्माला आलं असं मानून त्याला तान्ह्या बाळासारखं लाल जाकीट घालतात. पुढे ७०, ७७, ८८ आणि ९९ चे सोहळे. आपल्या साठी-शांतीची आठवण होतेच. याच देशात म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडून येण्याची दंतकथाही आहे. दहाव्या शतकातल्या कथासंग्रहात ती सापडते. अशी सरसकट प्रथा होती याला इतिहासात आधार नाही. पण कथेत सोडली जाते ती बहुतेक म्हातारी, म्हातारा क्वचित. हे ध्यानात ठेवा.

नारा प्रांतात किचिदेन-जी नावाचं देऊळ आहे. 'पोक्कुरी', म्हणजे पटकन, मरण यावं म्हणून लोक तिथे प्रार्थना करतात. आपलं हगणं-मुतणं कोणाला काढावं लागू नये, एवढंच मागणं. माझी आईसुद्धा रोज हेच मागायची. जन्मभर दुसऱ्यांचं काढलेल्या बाईलाच आपलं कोणी काढावं याची लाज वाटते.

ही लाज जपानी बायकांनी राजकारणात आणली. केइको हिगुची यांच्या पुढाकारानं १९८३ साली वार्धक्याच्या प्रश्नावर काम करणारी बायकांची संघटना उभी राहिली. सेवा हे सुनेचं कर्तव्य नाही, समाजाची जबाबदारी आहे, असं त्यांनी लावून धरलं. २००० पासून काळजी विमा लागू झाला. चाळिशीनंतर प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि म्हातारपणी घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, निवास अशा सेवा मिळवायच्या. घरी सेवा करणाऱ्या बाईला रोख पैसे द्यावेत अशी एक सूचना होती. हिगुचींसारख्या कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला! थोडे पैसे हातावर ठेवून सुनेला पुन्हा घरातच बांधाल, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या गटात यावर वाद व्हायला हवा असं मला वाटतं. सगळं सुटलं असं मात्र नाही. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार वर्षभरात सुमारे एक लाख लोकांना घरच्यांच्या सेवेसाठी नोकरी सोडावी लागली, त्यात बहुसंख्य बायका. १९६३ साली शंभरी गाठलेले सगळ्या देशात १५३ जण होते, २०२५ साली ते ९९,७६३ झाले. त्यांतल्या शंभरात ८८ बायका आहेत. म्हणजे सेवा करणाऱ्या बायका आणि शेवटी एकट्या उरणाऱ्याही बायकाच.

आणि मृत्यू. दहनाची रीत बौद्ध धर्माबरोबर तिथे गेली. ७०० साली दोशो या भिक्षूचं दहन झाल्याची नोंद आहे, आणि ७०३ मध्ये सम्राज्ञी जितोचं. राज्यकर्त्यांपैकी पहिलं दहन एका बाईचं! ४९ दिवसांचे विधी आपल्याकडच्याच बौद्ध विचारातून गेलेले. समाधीमागे लाकडी फळ्या उभ्या करतात, त्यांना 'सोतोबा' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'स्तूप', आणि त्यांवर संस्कृत बीजाक्षरं असतात. दहनानंतर घरचे सगळे, बायकासुद्धा, लांब काड्यांनी अस्थी वेचतात. पायांपासून सुरुवात करून डोक्याकडे जायचं, म्हणजे कलशात माणूस उभं राहतं.

अस्थी जातात घराण्याच्या समाधीत. १८९८ च्या नागरी कायद्यानं समाधीचा वारसा कुटुंबप्रमुखाला, म्हणजे बहुधा थोरल्या मुलाला दिला. १९४७ साली तो कायदा बदलला, पण रूढी राहिली. बायको नवऱ्याच्या घराण्याच्या दगडाखाली. अविवाहित, घटस्फोटित, मुलगा नसलेली बाई कुठे जाणार? युद्धात लाखो तरुण मेले आणि त्यांच्या वयाच्या कितीतरी मुली अविवाहित राहिल्या. १९७९ साली अशा बायकांनी क्योतोच्या जोजाक्को-जी देवळात स्वतःचा स्मृतिस्तंभ उभारला. त्यावरचा मजकूर, एकटीनं जगलेल्या बाईची शांततेची इच्छा, मताधिकाराच्या लढ्यातल्या फुसाए इचिकावा यांच्या हस्ताक्षरात आहे. १९८९ साली तिथेच सामायिक अस्थिगृह झालं. रक्ताचं नातं नाही, सासर-माहेर नाही. मैत्रिणी शेजारी शेजारी. त्याच वर्षी निईगाताच्या म्योको-जी देवळात वारस नसलेल्या कोणालाही जागा देणारी समाधी सुरू झाली. या बायकांनी विधी सोडला नाही, त्यातलं घराणं काढून टाकलं.

माझ्या आईची गोष्ट अर्धी राहिली. तिसऱ्या दिवशी अस्थी आणायच्या होत्या. चुलतभावाला कामावर जायचं होतं. मग मी आणि बहीण गेलो. राखेतून एकेक अस्थी वेचली, पाणी घातलं, मडकं फडक्यात बांधलं. कोणी विचारलं नाही, मुलगा कोण म्हणून. कारण तिथे बघायला कोणी नव्हतं. काम होतं, मान नव्हता, म्हणून आम्ही चाललो.

मी आता एका वहीत लिहून ठेवलं आहे. मी आजारी पडले तर पगारी मदतनीस ठेवावी, भाचीची नोकरी सुटू नये. गेल्यावर अग्नी माझ्या बहिणीनं द्यावा, ती नसेल तर तुमच्यापैकी कोणीही. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आधी गप्प झाला, मग त्यानंही आपलं लिहिलं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं असं एक पान लिहून आणावं एवढीच माझी विनंती आहे. आपण ती पानं मोठ्यानं वाचू. म्हणजे ती वेळ येईल तेव्हा माझ्यासारखं कोणी गप्प उभं राहणार नाही.