यंत्र आणि त्याचा दुभाषी



हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. संगणकाच्या आज्ञा लिहिणारी हजारो माणसे तेथे राबतात. आणि त्याच तालुक्यात एखादा जुना संगणक 'आता चालत नाही' म्हणून कोपऱ्यात धूळ खात पडतो. अशा यंत्रावर लिनक्स घालावे, हा सल्ला चांगला आहे. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. परंतु ती घातल्यावर पडदा उजळतो, कळफलक चालतो, आणि वायफाय मात्र मुके राहते! मग मनुष्य लिनक्सलाच नावे ठेवतो. हा न्याय घाईचा आहे.

यंत्राचा प्रत्येक अवयव आपली स्वतंत्र बोली बोलतो. त्या बोलीचा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सचे बहुतेक दुभाषी तिच्या गाभ्याबरोबरच, म्हणजे कर्नेलबरोबरच, येतात. म्हणून दोष शोधताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. यंत्राला तो अवयव दिसतो काय? 'एलएसपीसीआय' ही आज्ञा यादी देते. यूएसबीने जोडलेल्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' आहे. त्याला दुभाषी लाभला आहे काय? पहिल्या आज्ञेपुढे आडवी रेघ व 'के' हे अक्षर जोडले की तेही कळते. दुभाषी आहे, पण त्याची शिदोरी, म्हणजे फर्मवेअर, आहे काय? 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नेलची रोजनिशी वाचावी. हरवलेल्या फाइलीचे नाव बहुधा तेथेच सापडते. मोबाइल यूएसबीने जोडून तात्पुरते इंटरनेट घ्यावे व ती फाइल आणावी. आणि शहाणा मनुष्य प्रणाली घालण्यापूर्वीच ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहतो.

ही शिदोरी हरवते का? कित्येक कारखानदार आपल्या फर्मवेअरची रचना गुप्त ठेवतात. डेबियन या संस्थेने तत्त्वापायी अशा फाइली आपल्या मुख्य संचाबाहेर ठेवल्या होत्या. 2022 साली मतदान होऊन 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या, मुख्य संचाबाहेरच राहून, प्रणाली घालण्याच्या अधिकृत प्रतींत घेतल्या गेल्या. तत्त्व काहीसे नमले, पण सामान्य माणसाची सोय झाली. यात योग्य काय, याचा विचार आपणच करावा.

1921 साली या खोऱ्याने सेनापती बापटांच्या साथीने विचारले होते, जमीन कोणाची? त्या दुःखाशी यंत्राच्या अडचणीची तुलना होऊ शकत नाही. तरीपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे ज्ञान कोणाचे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांसही आहे. तो मुलांना विचारू द्या. संगणक उघडण्याचे धैर्य त्यातूनच येईल.