किनारा कुणाचा?

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. तिथल्या बेटांची सफर जहाजानं करणाऱ्या कुटुंबांना मात्र आठवतो तो खर्च. जहाजावर विकल्या जाणाऱ्या किनारा-सहली चौघांना महागच पडतात, आणि त्या घ्यायलाच हव्यात असं नाही. बहामाच्या नासाऊ बंदरापासून जंकनू बीच पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, प्रवेश मोफत. सेंट मार्टेनच्या फिलिप्सबर्गमध्ये गावासमोरच ग्रेट बेची वाळू पसरलेली आहे. बार्बाडोसचे तर सगळेच किनारे सार्वजनिक. ब्रिजटाऊन बंदरातून कार्लाइल बे अगदी जवळ. पैसे पडतात ते खुर्ची-छत्रीचे. म्हणून पंचे आणि पाणी सोबत न्यावं, टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवावं, आणि परतताना जहाजाचं घड्याळ पाहावं. ते बेटावरच्या घड्याळाशी जुळेलच असं नाही.

जमैकात चित्र वेगळं आहे. तिथल्या १९५६च्या कायद्यानं किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क लोकांना दिलेला नाही. त्यासाठी तिथली माणसं न्यायालयात गेली आहेत. समुद्र दारात, आणि वाट मात्र बंद! म्हणून सांगतो, जिथे गावची पोरं पोहतात, तो किनारा शोधा. तो परवडतोही, आणि आपलासाही वाटतो.